सिस्टरची नोंद कोर्टात कोण वाचतं?

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात दवाखान्याचे कागद कुठून आले? प्रश्न रास्त आहे. पण लढाया आणि तह यांचा इतिहास आपण जसा दप्तरावरून लिहितो, तसंच आजारी माणसाचंही एक दप्तर असतं. केस पेपर, टीपीआर चार्ट, औषधांचा तक्ता, सलाईन किती गेलं आणि लघवी किती झाली याचा हिशेब, रात्रपाळीच्या नोंदी, ऑपरेशनचं टिपण, डिस्चार्ज कार्ड. माणूस दगावतो किंवा कायमचा अधू होतो, नातेवाईक कोर्टात जातात, आणि ‘नेमकं काय झालं?’ असा प्रश्न येतो, तेव्हा हेच दप्तर उघडलं जातं.

हे दप्तर लिहितं कोण, ते कोणाच्या ताब्यात असतं, आणि कोर्टासाठी ते वाचतं कोण, असे तीन प्रश्न आहेत. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. दप्तराचा मोठा भाग नर्स लिहिते. दुसरा प्रश्न आपल्या राज्यात बऱ्याच भांडणानंतर सुटला. तिसरा अजून सुटलेला नाही. नर्सनं लिहिलेलं नर्सकडून वाचून घ्यावं, हे आपल्याकडे अजून कोणाला फारसं सुचलेलं नाही.

लकडगंज आणि पेरांचा हिशेब

सुरुवात इथूनच करू. लकडगंज म्हणजे लाकडाची पेठ. जंगलातला माल इथे यायचा, आरा मशीनवर चिरला जायचा आणि पाट्या, चौकटी होऊन बाहेर पडायचा. आऱ्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बोटांना काय धोका असतो, हे या वस्तीला आम्ही सांगायला नको.

१९२३ साली वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, आणि एम्प्रेस मिल सुरू होऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे यंत्रावर हात गमावलेली माणसं या शहरात नवी नव्हती. नवी होती ती भरपाईची पद्धत. या कायद्याला एक परिशिष्ट आहे. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. त्यात शरीराचा कोणता भाग गेला तर कमाईची ताकद किती टक्के घटली असं धरायचं, याचा तक्ताच दिलेला आहे. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, तिची दोन पेरं गेली तर ११, एकच पेर गेलं तर ९. अंगठा पूर्ण गेला तर ३०.

आता विचार करा. एक पेर की दोन पेरं, उजवा हात की डावा, जखम कामावर झाली की घरी, हे ठरवायचं कशावरून? मालक एक सांगणार, कामगार दुसरं. मधे उभा असतो तो इस्पितळातला पहिला कागद. किती वाजता आणलं, कोणी आणलं, काय सांगितलं, जखम कुठे. ‘कामावर असताना’ एवढे दोन शब्द त्या गडबडीत कोणी लिहिले की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा कोर्ट नसतं, रक्त थांबवायचं असतं. म्हणूनच त्या नोंदीला वजन आहे. वाद उभा राहण्याआधी लिहिलेल्या कागदाला वादात जास्त किंमत मिळते, हे इतिहासाच्या अभ्यासकालाही ठाऊक असतं आणि न्यायाधीशालाही.

दोन मोडलेले पाय

आता लकडगंजातून कोकण आणि पुण्याकडे जाऊ, कारण डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दलचा भारतातला एक पायाभूत खटला तिथला आहे. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. स्थानिक डॉक्टरांनी तात्पुरते उपचार केले. तिथून सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्याला आणलं. हाड बसवून प्लॅस्टर घातलं गेलं. त्याच रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं असं, की मॉर्फियाची दोन इंजेक्शनं सांगितलेली असताना एकच दिलं, भूल न देता पाय जोर लावून ओढला, आणि त्या धक्क्यानं मुलगा गेला. शल्यचिकित्सकांचं म्हणणं वेगळं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे चरबीचा कण रक्तात अडकणं. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये निकाल लागला. वडील जिंकले. भरपाई होती ३,००० रुपये.

पेशंट हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा, आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरवर काळजीची जबाबदारी असते, हे या निकालानं सांगितलं. तो आजही उद्धृत होतो. पण त्यातल्या वादाकडे पाहा. एका बाजूला डॉक्टर वडील, दुसऱ्या बाजूला डॉक्टर प्रतिवादी, दोघांनी मांडलेली वैद्यकशास्त्राची मतं. नर्सनं तासातासाला काय पाहिलं आणि काय लिहिलं, यावर हा निकाल उभा नाही.

याच सुमाराला अमेरिकेत दुसरा एक पाय मोडला. ५ नोव्हेंबर १९६०, इलिनॉय राज्य. कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात अठरा वर्षांच्या मुलाचा पाय मोडला, चार्ल्सटन गावच्या इस्पितळात प्लॅस्टर घातलं. बोटं सुजली, काळी पडली, मग गार आणि बधिर झाली. शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. १९६५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं इस्पितळाला जबाबदार धरलं, १,१०,००० डॉलरची भरपाई कायम केली. कारण काय दिलं? नर्सनी पायातलं रक्ताभिसरण पुरेशा वेळा तपासलं नाही, असा निष्कर्ष ज्युरी काढू शकत होती. शिकलेल्या नर्सला धोका कळायला हवा होता. डॉक्टरला सांगायला हवं होतं, आणि डॉक्टरनं हालचाल केली नाही तर इस्पितळाच्या वरिष्ठांना सांगायला हवं होतं.

पालशेतच्या पायावरून कोर्टानं डॉक्टरचं कर्तव्य सांगितलं. चार्ल्सटनच्या पायावरून कोर्टानं नर्सलाही स्वतःचं ज्ञान आणि स्वतःची जबाबदारी असते असं मान्य केलं. हे मान्य झालं, की पुढचा प्रश्न येतोच: तिनं तिचं काम नीट केलं का, हे सांगायला तज्ज्ञ कोण?

मॉप कोणी मोजले?

आपल्याच राज्यातलं एक प्रकरण या प्रश्नाला अगदी भिडतं. १९६३ चा जुलै, औरंगाबादचं सिव्हिल हॉस्पिटल. बाळंतपणानंतर एका बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया १३ जुलैला झाली. ताप, दुखणं काही थांबेना. १९ जुलैला दुसऱ्या सर्जननं टाके उघडून पाहिलं तर पोटात मॉप, म्हणजे कापडाची घडी, राहिलेली आणि पू साठलेला. २४ जुलैला ती गेली. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयानं ते फिरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९६ मध्ये पुन्हा दिले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन. घटनेपासून निकालापर्यंत ३३ वर्षं. मॉप पोटात राहिला ही गोष्टच निष्काळजीपणा बोलून दाखवते, असं न्यायालय म्हणालं. सरकारी इस्पितळ म्हणून सरकारला अंग काढून घेता येणार नाही, हेही ठरलं.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये ज्यांनी काम केलं आहे त्यांना विचारा. पोट शिवण्याआधी मॉप मोजतं कोण? सिस्टर. किती आत गेले, किती बाहेर आले, हिशेब जुळला की नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी आणली, त्यात पेशंट थिएटरबाहेर जाण्यापूर्वी उपकरणं, मॉप आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाली असं तोंडी सांगण्याचं काम नर्सच्या नावावर टाकलेलं आहे. म्हणजे अशा खटल्यात मोजणीचा कागद मागवा, तो तयार करण्याची रीत काय होती ते विचारा, असं वकिलाला सुचवणारं माणूस कोण असू शकेल? ज्यानं हजार वेळा मॉप मोजले, तेच.

कागद कोणाचा?

दुसरा प्रश्न ताब्याचा. फार काळ आपल्याकडे समज असा, की केस पेपर इस्पितळाचे. पेशंटच्या हातात फक्त डिस्चार्ज कार्ड. या समजाला धक्का बसला तो १९९० च्या दशकात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते असं सांगितलं. सगळ्यांनाच पूर्ण मोफत सेवा देणारी इस्पितळं त्यातून बाहेर राहिली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात स्पष्ट केलं, की पेशंटनं किंवा जवळच्या नातेवाईकानं मागितले तर इस्पितळानं आणि डॉक्टरनं केस पेपरच्या प्रती दिल्या पाहिजेत. मग २००२ मध्ये मेडिकल कौन्सिलच्या आचारनियमांत आलं: भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं, आणि मागणी आली तर ७२ तासांत द्यायचं.

कागद द्यायचेच नाहीत असं इस्पितळानं ठरवलं तर? १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनच त्याची सोय आहे. हाताशी असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, त्याला तो पुरावा अडचणीचा असणार, असं कोर्टाला धरता येतं.

म्हणजे कागद हातात आले. दोनशे-तीनशे पानांचा गठ्ठा. पुसट झेरॉक्स, तीन पाळ्यांची तीन अक्षरं, संक्षेप, बाण, गोल. नातेवाईक तो वकिलाकडे नेऊन ठेवतात. आणि वकील कायदा शिकलेला असतो, टीपीआर चार्ट नव्हे.

वाचणार कोण?

इथे अमेरिकेनं काढलेला मार्ग पाहू. तिकडे अनुभवी नर्स वकिलांना रेकॉर्ड वाचून देऊ लागल्या, त्याचा व्यवसाय झाला, आणि १९८९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्यांना लीगल नर्स कन्सल्टंट म्हणतात. पुढे २००४ मध्ये त्याच इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं सलिव्हन विरुद्ध एडवर्ड हॉस्पिटल या खटल्यात आणखी एक पाऊल टाकलं. नर्सनं कसं वागायला हवं होतं याबद्दल डॉक्टरची साक्ष त्यांनी मान्य केली नाही. तो व्यवसाय वेगळा, त्याचा तज्ज्ञही त्याच व्यवसायातला हवा.

आपल्याकडे प्रवाह डॉक्टरच्याच दिशेनं गेला. जेकब मॅथ्यू निकालात, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की डॉक्टरवर फौजदारी कारवाईपूर्वी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, शक्यतो त्या शाखेतल्या सरकारी डॉक्टरचं. डॉक्टरांना ऊठसूट अटक होऊ नये, हा हेतू योग्यच होता. २००९ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात ग्राहक मंचांनाही आधी डॉक्टरांचं मत घ्यायला सांगितलं गेलं, आणि २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात न्यायालयानं दुरुस्ती केली, की प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाचं मत बंधनकारक नाही. या सगळ्या चर्चेत ‘तज्ज्ञ’ म्हणजे डॉक्टर हे गृहीतच आहे.

कायद्याच्या शब्दांत मात्र असं बंधन नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये विज्ञान किंवा कला यांत विशेष प्रवीण असलेल्या व्यक्तीचं मत चालायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तर ‘अन्य कोणतंही क्षेत्र’ असे शब्द वाढवले आहेत. शुश्रूषा हे क्षेत्र त्यात बसत नाही असं कोण म्हणेल? आपल्या भागात नर्सच्या नोंदणीचा कायदा १९३६ पासून आहे, पुढे १९६६ च्या महाराष्ट्र कायद्यानं राज्यभरासाठी एक व्यवस्था झाली. शिक्षण आहे, नोंदणी आहे. कोर्टाचं दार बंद नाही, ठोठावणारे कमी आहेत.

अशी नर्स नेमकं करते काय? समजा, डॉक्टरनं रात्री नऊला इंजेक्शन लिहिलं. नर्सच्या तक्त्यात ते अकराला दिल्याची नोंद आहे. वकील म्हणेल, दोन तासांचा उशीर, निष्काळजीपणा. अनुभवी नर्स म्हणेल, थांबा, मेडिकल स्टोअरचं बिल दाखवा. आपल्याकडे औषध बरेचदा नातेवाईकच आणतात. बिलावर वेळ आहे दहा चाळीस. मग उशीर कुठे झाला, इस्पितळात औषध का नव्हतं, चिठ्ठी किती वाजता हातात दिली, हे खरे प्रश्न पुढे येतात. किंवा ती दाखवेल, की रात्री दोन, चार, सहा या तिन्ही वेळांना बीपी अगदी एकसारखं लिहिलं आहे. कदाचित पेशंट स्थिर होता. कदाचित तिन्ही आकडे सकाळी एकदमच लिहिले. त्या पाळीत वॉर्डात किती पेशंट आणि किती नर्स होत्या, हे ती पहिल्यांदा विचारेल. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या इस्पितळासाठी तीन पेशंटमागे एक, इतरत्र पाचामागे एक असं आहे. प्रत्यक्षात किती असतात, हे इथे बसलेल्या सिस्टर आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

आणि तिचं सर्वांत मोलाचं वाक्य पुष्कळदा असेल, ‘यात केस नाही.’ काळजी नीट घेतली गेली होती, माणूस तरीही गेला. हे वेळेवर कोणी समजावून सांगितलं तर एक कुटुंब दहा वर्षांच्या तारखांतून वाचतं, आणि एक डॉक्टरही.

एका चिठ्ठीचं उत्तर

एक चिठ्ठी आली आहे: ‘पैसे घेऊन मत देणारी नर्स वकिलाच्या बाजूनंच बोलणार नाही का?’ शंका खरी आहे. ती डॉक्टर तज्ज्ञांनाही लागू आहे. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, उपचार न करताच सढळ हातानं अपंगत्वाचे दाखले देणाऱ्या डॉक्टरांबद्दल सावध केलंच आहे. उपाय उलटतपासणीचा आहे. तज्ज्ञाचं मत कोर्टावर बंधनकारक नसतं. शिवाय नर्सच्या मताला मर्यादाही हवी. शस्त्रक्रिया करायला हवी होती का, मृत्यूचं वैद्यकीय कारण काय, हे तिनं सांगू नये. नोंद काय सांगते, आणि शुश्रूषेची रीत काय होती, एवढं तिनं सांगावं.

ही गोष्ट पेशंटच्या बाजूनं जेवढी महत्त्वाची, तेवढीच नर्सच्याही. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात नर्सनं वडिलांना इंजेक्शन आणायला सांगितलं, ते बाळाला शिरेतून दिलं गेलं, हृदय थांबलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाळाला साडेबारा लाख आणि आई-वडिलांना पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. तिथे जबाबदारी इस्पितळावर गेली. पण नेहमी तसं होत नाही. लकडगंजातून भंडारा रोड धरला की जे गाव येतं, तिथल्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. पुढच्या महिन्यात पोलिसांनी दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला. दोष कोणाचा हे ठरवायला आम्ही इथे उभे नाही. आम्ही एवढंच विचारतो: अशा रात्रीचं ड्यूटी रजिस्टर, ओव्हर देतानाची नोंद, कक्षात किती बाळं आणि किती माणसं, हे सगळं तपासणाऱ्यांच्या शेजारी अनुभवी नर्स बसलेली असावी की नाही?

केईएमच्या अरुणा शानबाग आपल्याला आठवतात. १९७३ पासून त्या त्याच इस्पितळात होत्या. २०११ मध्ये त्यांच्या इच्छामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा अर्जातलं वर्णन आणि इस्पितळाचं म्हणणं जुळेना. न्यायालयानं तीन डॉक्टरांची समिती पाठवली. एक भूलतज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ. तिघेही नामवंत. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर नव्हते, आणि ते कोणाच्या कामामुळे हे सगळ्यांना दिसत होतं. केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच न्यायालयानं अरुणाताईंचे खरे आप्त मानलं आणि त्यांचं मनापासून कौतुक केलं. समितीत मात्र नर्स नव्हती. आपल्याकडे नर्सच्या सेवेला हार मिळतो. तिच्या ज्ञानाला खुर्ची मिळायची आहे.

२०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला आहे. नोंदी कशा ठेवाव्यात, त्या तपासण्याचं प्रशिक्षण कसं असावं, हे ठरवायला ती जागा योग्य आहे. वकील संघ आणि नर्सिंग कॉलेजं यांनी एकत्र बसायला तर कायद्याचीही गरज नाही. नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, मेडिकल आहे, मेयो आहे. सुरुवात इथेही होऊ शकते.

आणि तोवर तुम्ही-आम्ही काय करायचं? इस्पितळाकडे कागद मागताना फक्त डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात स्पष्ट लिहा: नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, इनटेक-आउटपुट चार्ट, ऑपरेशन झालं असेल तर मोजणीचा कागद. औषधांची बिलं फेकू नका. तीन वर्षांची मुदत डोक्यात ठेवा. आणि ते सगळं वकिलाच्या टेबलावर ठेवण्याआधी, नात्यात किंवा ओळखीत एखादी जुनी सिस्टर असेल तर तिच्यासमोर ठेवा. ती चष्मा लावून पहिलं पान उलटेल आणि विचारेल, ‘रात्रपाळीला कोण होतं?’ खटल्यातला पहिला योग्य प्रश्न बहुधा तोच असेल.